सांखवाळहून कोलंबोपर्यंत: धर्मानंद कोसंबींच्या जिज्ञासेचा प्रकरण अभ्यास

1899 च्या अखेरीस गोव्यातल्या सांखवाळ गावचा तेवीस वर्षांचा एक संसारी माणूस घर सोडून पुण्याकडे निघाला. घरी बायको, तान्ही मुलगी, आणि त्याच्या गळ्यात येऊन पडलेला माडांच्या भाटाचा, म्हणजे बागेचा, कारभार. शाळा झाली होती ती मराठी, तीही जेमतेम. संस्कृत शिकायचं बाकी होतं. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेचा तर गंधही नव्हता. निघाला कशासाठी, तर बुद्धाचा धर्म नेमका काय आहे ते मुळातून समजून घ्यायला. अकरा वर्षांच्या आत हाच माणूस हार्वर्ड विद्यापीठात बसून पाचव्या शतकातल्या एका पाली ग्रंथाच्या पोथ्यांमधले पाठभेद तपासत होता.

धर्मानंद दामोदर कोसंबी (1876–1947) यांचं हे प्रकरण मी निवडलं ते त्यांच्या थोरवीसाठी नाही. जिज्ञासा आतून येते की बाहेरून, या प्रश्नावर शिक्षणाच्या वर्तुळात जे बोललं जातं ते फार ढोबळ असतं. एक पक्ष म्हणतो मुलं उपजतच जिज्ञासू असतात, आपण फक्त आड येऊ नये. दुसरा म्हणतो वातावरण हवं, साधनं हवीत, बक्षीस हवं. कोसंबींच्या बाबतीत दोन्ही पक्षांना हवा तेवढा पुरावा सापडतो आणि दोघांचीही पंचाईत होते.

आधी पुराव्याबद्दल. 1912 पर्यंतच्या काळासाठी मुख्य साधन म्हणजे त्यांचं आत्मचरित्र, 'निवेदन'. ते पुस्तकरूपाने 1924 साली आलं. म्हणजे पंचविशीतल्या तगमगीची हकीकत पुढे विद्वान झालेल्या माणसाने मागाहून सांगितलेली आहे. अशा सांगण्यात घटनांना नंतरचा क्रम आणि हेतू चिकटतो हे गृहीत धरायला हवं. तरी कोसंबी स्वतःला सोडत नाहीत. आपला चंचलपणा, रडकुंडीला येणं, घेतलेला निश्चय मोडणं हे ते लपवत नाहीत, आणि त्यामुळे हे साधन पुष्कळसं विश्वासाचं वाटतं.

ठिणगी किती लहान होती

बाहेरचं कारण शोधायला गेलं तर हाती लागतं ते एक मासिक. विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मुलांच्या मासिकात आलेलं बुद्धाचं छोटंसं चरित्र कोसंबींनी 1897 च्या सुमारास वाचलं. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातल्या खेड्यात मराठी वाचायला मिळायचं ते मुंबई-पुण्याकडून येईल तेवढंच. त्यात मुलांसाठी लिहिलेली चार पानं, आणि वाचणारा वीस वर्षांचा, लग्न होऊन सहा वर्षं झालेला गृहस्थ.

तेच चरित्र महाराष्ट्रभर कितीतरी घरांत वाचलं गेलं असणार. बाकीच्यांनी पान उलटलं. म्हणजे बाहेरची गोष्ट सगळ्यांना सारखीच मिळाली, फरक वाचणाऱ्यात होता. इथपर्यंत 'उपजत' वाल्यांची सरशी.

पण आत होतं तरी काय? 'निवेदना'त जो तरुण दिसतो तो ज्ञानाच्या ओढीने आनंदी झालेला वगैरे नाही. प्रकृती यथातथा, नारळाच्या हिशेबात मन नाही, शिकायची हौस आहे पण सोय नाही, लहान वयात गळ्यात पडलेला संसार, आणि या सगळ्यातून सुटण्याची अस्पष्ट धडपड. बुद्धाआधी त्यांना तुकारामांनी आधार दिला होता: वाण्याचं दुकान, संसारातली वाताहत, आणि तरीही तो माणूस कुठच्या कुठे पोचला. शिकण्यासाठी घराबाहेर पडण्याची खटपट त्यांनी याआधीही केली होती, पण घरी परतावं लागलं होतं. बुद्धचरित्र जिथे पडलं तिथली जमीन ही अशी होती.

मानसशास्त्रात याला जवळचा एक भेद आहे. जॉर्डन लिटमन यांनी जिज्ञासेचे दोन प्रकार मांडले आहेत: नवं काही कळण्याच्या मौजेतून येणारी, आणि काहीतरी आपल्याला ठाऊक नाही या बोचणीतून येणारी. पहिली गोड, दुसरी अस्वस्थ करणारी. कोसंबींची उघडउघड दुसऱ्या जातीची. शाळांच्या भिंतींवर जिज्ञासेचं जे हसरं, डोळे विस्फारलेलं चित्र लावलेलं असतं त्यात हा तरुण बसत नाही. तो कुढत होता. त्याच्या कुढण्याला 'बालबोध'ने एक विषय दिला. आतला स्रोत म्हणजे शुद्ध ज्ञानलालसाच असायला हवी, असं हे प्रकरण सांगत नाही. सुटकेची इच्छासुद्धा त्या कामी येऊ शकते. मला तर वाटतं, पुष्कळांच्या बाबतीत तीच येते आणि आपण तिला मागाहून चांगलं नाव देतो.

प्रत्येकाने पुढचा पत्ता दिला

या प्रकरणाचा गाभा 1900 ते 1904 या वर्षांत आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी या अनोळखी गोवेकराला उत्तेजन दिलं आणि प्रार्थना समाजात राहण्याची सोय झाली. पुण्याहून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत संस्कृत शिकायचं आणि अन्नछत्रात जेवायचं. गरीब विद्यार्थ्याला काशीत विद्या फुकट मिळे आणि जेवणही मिळे, पण दोन्हींसाठी रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागे. ज्या बुद्धासाठी हा माणूस घर सोडून आला त्याने पहिला उपदेश केला ते सारनाथ तिथून दहाएक किलोमीटरवर. पण त्या वेळच्या सारनाथला शिकवणारं कुणी नव्हतं. आज नोटेवर दिसणारी सिंहमुद्रा ज्या स्तंभशीर्षावरून घेतली तेसुद्धा 1904-05 च्या उत्खननापर्यंत मातीखालीच होतं. कोसंबी काशीत व्याकरण घोकत होते तेव्हा बुद्धधर्म हाकेच्या अंतरावर अक्षरशः पुरलेला होता.

1902 मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाचा जन्म त्या भागातला, तेव्हा धर्म तिथे जिवंत असेल अशी आशा. काठमांडूत जे पाहायला मिळालं त्याने ते खट्टू झाले. तिथून बुद्धगया. तिथे कळलं की पाली आणि त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ ग्रंथ, शिकायचे तर सिंहलद्वीपाला (आजच्या श्रीलंकेला) जायला हवं. मग कलकत्त्यात महाबोधी सभा या बौद्ध संस्थेच्या ओळखीने पुढची सोय झाली आणि त्याच वर्षी ते कोलंबोला पोचले. मालिगाकंद इथल्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली, अखेर पालीचा अभ्यास सुरू झाला. घर सोडल्याला तोवर दोन वर्षं उलटून गेली होती.

जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 साली मांडलेली कल्पना इथे चपखल बसते. त्यांच्या मते जिज्ञासा म्हणजे ठाऊक असलेलं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटणारं यांतली दरी जाणवणं. गंमत अशी की काहीच ठाऊक नसेल तर दरी जाणवत नाही, आणि थोडं कळलं की ती उलट मोठी दिसू लागते. कोसंबींचं तेच झालं. 'बालबोध' वाचून बुद्ध कोण एवढं कळलं. पुण्यात कळलं की संस्कृताशिवाय निभाव नाही. काशीत संस्कृत आलं तेव्हा कळलं की मूळ वचनं पालीत आहेत. कोलंबोत पाली समोर आली तर ती सिंहली लिपीत! पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलात ती सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, सयामात तिथल्या लिपीत. देवनागरीत छापलेलं त्या काळी नावापुरतंच. म्हणजे मराठी माणसाला संस्कृताच्या इतक्या जवळच्या भाषेचं पहिलं वाक्य वाचण्याआधी गोल गोल वळणांची एक परकी अक्षरमाला गिरवायची होती. आणि नंतर ब्रह्मदेशात गेल्यावर दुसरी.

या साऱ्या प्रवासात बाहेरच्या कुणीही त्यांना उत्तर दिलेलं नाही. भांडारकरांनी, काशीच्या शास्त्र्यांनी, बुद्धगयेत भेटलेल्यांनी जे दिलं ते थोडी विद्या, थोडा आसरा आणि पुढचा पत्ता. माझा या प्रकरणावरचा मुख्य निष्कर्ष हाच आहे: जिज्ञासेचा बाहेरचा स्रोत म्हणून जे उपयोगी पडलं ते अपुरं होतं, आणि अपुरं होतं म्हणूनच उपयोगी पडलं. 1899 मध्ये सांखवाळात कुणी त्यांना बौद्ध धर्मावरचा सांगोपांग मराठी ग्रंथ आणून दिला असता तर? असल्या जर-तरला पुरावा नसतो. पण ते समाधानाने वाचून भाटात परत गेले असते, ही शक्यता मी नाकारणार नाही.

अपुरेपणाचं कौतुक मात्र बेताने करावं. सगळं अपुरंच असतं तर हा माणूस काशीत उपाशी मेला असता. अन्नछत्र, प्रार्थना समाज, महाबोधी सभा, विद्योदय या संस्था जागोजाग उभ्या होत्या. ओळखदेख नसलेल्या, खिशात पैसे नसलेल्या माणसाला जेवू घालून शिकवण्याची व्यवस्था, तिच्यात कितीही दोष असोत, तेव्हा शाबूत होती. आतल्या ऊर्मीचे गोडवे गाताना आपण हे विसरतो. कोलंबोत त्यांना जेवण मानवलं नाही, प्रकृती ढासळली, परत यावं लागलं, तरी वर्षभरात ते ब्रह्मदेशाला निघाले आणि 1904 मध्ये तिथे भिक्षू झाले. हट्ट त्यांचा होता, भात दुसऱ्यांचा होता.

बाळाबाई

आता जी बाजू बहुतेक चरित्रलेखांत दोन ओळींत आटोपते ती.

कोसंबी बाहेर होते त्या सुमारे सात वर्षांत त्यांच्या पत्नी बाळाबाई गोव्यात होत्या. पदरात मुलगी माणिक. नवरा कुठे आहे, जिवंत आहे की नाही, परत येणार की नाही, हे कुणी निश्चित सांगू शकत नव्हतं. विसाव्या शतकाच्या तोंडावर, खेड्यातल्या सारस्वत घरात, नवरा भिक्षू झालेल्या बाईची अवस्था काय असेल याचा अंदाज आपणच करायचा. कारण बाळाबाईंचं 'निवेदन' कुणी लिहून घेतलेलं नाही.

जिज्ञासेवरच्या अभ्यासांत आतला आणि बाहेरचा असे स्रोत मोजतात. तिचा खर्च कुणाच्या खात्यावर पडला, हा रकाना त्यात नसतो. घरदार दुसऱ्यावर टाकून निघून जाता येणं हीसुद्धा एक बाहेरची सवलत आहे, आणि ती त्या काळी पुरुषांना होती. बाळाबाईंनाही एखादं मासिक वाचून कसली ओढ लागली असती तर त्या कुठे जाणार होत्या?

1906 मध्ये कोसंबी भिक्षुव्रत सोडून गृहस्थाश्रमात परतले आणि गोव्याला येऊन पत्नीला भेटले. 1907 मध्ये मुलगा झाला: दामोदर, म्हणजे पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून नाव झालेले डी. डी. कोसंबी. 1918 मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेला जाताना त्यांनी माणिक आणि दामोदर दोघांनाही बरोबर नेलं, आणि माणिक रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. त्या काळात मराठी घरातल्या मुलीला समुद्रापार शिकायला नेणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यामागे वडिलांची काही टोचणी होती का, ते मी ठामपणे म्हणू शकत नाही. मला तसं वाटतं खरं.

पन्नास रुपये

बक्षिसाने जिज्ञासा मरते, असा एक समज आता शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून सर्रास सांगितला जातो. त्याचा उगम एका नेमक्या प्रयोगात आहे. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत तीन ते पाच वर्षांची, रंगीत मार्करने चित्र काढायची आवड असलेली मुलं निवडली. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात मार्कर नुसते ठेवून दिले, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्र काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही.

म्हणजे मूळ प्रयोगातही बिघाड केला तो सौद्याने. नुसत्या बक्षिसाने केला नाही. प्रशिक्षणांत हा अर्धा भाग गळून जातो.

कोसंबींकडे पाहिलं तर ते आणखी घोटाळ्यात टाकतात. कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याची नोकरी, 250 रुपये पगाराची, त्यांच्यासमोर होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज महिना 50 रुपये देऊ करत होते. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. कोसंबींनी 50 घेतले. हाही सौदाच होता, अटीसकट, कबूल करून. पण त्यांची ओढ त्याने आटली नाही. बडोद्याला त्यांनी बुद्ध, धर्म आणि संघ यांवर व्याख्यानं दिली, ती छापून आली, आणि पुढे आयुष्यभर मराठीत त्यांचं लिहिणं चालूच राहिलं.

फरक कशात आहे? बालवाडीतल्या मुलांना कागद आणि रंग हवे होते, ते होतेच. वरचं पत्रक त्यांच्या कामाचं नव्हतं. कोसंबींना जे करायचं होतं, म्हणजे बुद्धाचं मूळ म्हणणं आपल्या माणसांपर्यंत आपल्या भाषेत पोचवणं, त्याला लागणारा मोकळा वेळ 50 रुपयांत मिळत होता. 250 रुपयांत पगार जास्त होता, पण कलकत्त्यात बांधून राहावं लागलं असतं. पैसा बाहेरूनच आला, पण तो आतल्या कामाच्या मापाचा होता. सयाजीरावांनी किती दिले यापेक्षा काय मागितलं, ते मला मोठं वाटतं: वर्षाला एक पुस्तक. हजेरी मागितली नाही.

श्रेयाचा प्रश्न

हार्वर्डचं निमित्त जेम्स वुड्स. हे प्राध्यापक भारतात आले असता कोसंबींची आणि त्यांची भेट झाली, आणि त्यातून 1910 मध्ये कोसंबींना केंब्रिज, मॅसाचुसेट्सला बोलावणं आलं. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती हेन्री क्लार्क वॉरन अपुरी ठेवून 1899 मध्ये वारले होते. प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्या देखरेखीखाली ती पुरी करायची होती. सिंहली आणि बर्मी लिपीतल्या पोथ्या सरळ वाचू शकणारा, आणि तो ग्रंथ ज्या परंपरेत शिकवला जातो तिच्यात राहून शिकलेला माणूस त्या कामाला मिळणं ही हार्वर्डची चैनच होती.

काम झालं, आणि मुखपृष्ठावर कुणाचं नाव कसं यावं यावरून लॅनमन आणि कोसंबी यांचं बिनसलं. 1912 मध्ये कोसंबी परतले, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. तरी 1918 मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले, आणि विसाच्या दशकात परत एकदा. ग्रंथ अखेर 1950 मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, वॉरनसंपादित आणि कोसंबींनी संशोधित म्हणून निघाला. दरम्यान देवनागरीतली स्वतःची आवृत्ती त्यांनी 1940 मध्ये भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केली होती.

खऱ्या जिज्ञासूला मानापमानाची पर्वा नसते असं म्हणणाऱ्यांना हा भाग अडचणीचा जातो. कोसंबींना पर्वा होती, चांगलीच होती. गळ्यापर्यंत आलं तेव्हा ते उठून निघून आले. पण निघून आले ते लॅनमन यांच्यापासून. बुद्धघोषाला त्यांनी सोडलं नाही.

चार दृश्यांची गोष्ट

शेवटी त्यांच्या साठीनंतरच्या लेखनातला एक मुद्दा या अभ्यासात घ्यायलाच हवा, कारण तो थेट आपल्या प्रश्नाचा आहे.

सिद्धार्थाने घर का सोडलं याची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट अशी: रथातून जाताना त्याला म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसलं, मग संन्यासी दिसला, आणि एका रात्री बायको-मूल झोपलेले असताना तो निघून गेला. बाहेरच्या उद्दीपनाची याहून सुबक कथा सापडायची नाही. 'भगवान बुद्ध' या ग्रंथात कोसंबींनी ती बाजूला सारली. ही चार दृश्यं मुळात विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या आख्यायिकेतली, ती गौतमाच्या चरित्रात मागाहून शिरली, असं त्यांनी दाखवलं. रात्रीच्या पलायनालाही अरियपरियेसन सुत्ताचा, म्हणजे बुद्धाच्या एका पाली उपदेशाचा, आधार नाही. तिथे आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत, केस उतरवून घर सोडल्याचं बुद्ध स्वतः सांगतात. मग कारण काय? कोसंबींनी बोट ठेवलं ते सुत्तनिपात या पाली संग्रहातल्या अत्तदण्ड सुत्तावर: थोड्या पाण्यात मासे तडफडावेत तशी माणसं एकमेकांशी भांडताना पाहून मनात भय उपजलं. त्याला त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (बुद्धाचं कुळ) आणि शेजारचे कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याची जोड दिली. या जोडणीबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शाक्य-कोलियांचं भांडण आणि गृहत्याग यांचा संबंध पुराव्यापेक्षा थोडा पुढे जाऊन लावलेला आहे, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

पण त्यांनी कुठला पुरावा नाकारला आणि कुठला उचलला तो पाहावा. एकोणतीस वर्षांच्या माणसाला म्हातारपण म्हणून काही असतं हे रथातून पाहिल्यावरच कळलं, ही कल्पना त्यांना पटली नाही. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते एके दिवशी दिसतं, यासाठी आत आधी काही शिजलेलं असावं लागतं, आणि बाहेरही तितकंच ठोस काही घडत असावं लागतं. भांडण चालू आहे, पाणी कमी आहे, आणि हे असंच का चालायचं, हा प्रश्न ज्याला बोचतो तो उठतो. कोसंबींनी ही मांडणी केली ती सुत्तं समोर ठेवून, वचनं देऊन. आत्मचरित्रातला दाखला त्यांनी कुठेही दिलेला नाही.